वीस लाखात घाटात मजा येईल अशी नवीन गाडी कुठली?

घाटवेडा_सातारा:
मंडळी, सात वर्षं वॅगन आर चालवली, आता ऑन-रोड ताणून वीस-एकवीस लाख काढू शकतो आणि यावेळी निव्वळ चालवायच्या हौसेसाठी गाडी घ्यायचीये (घरी एवढं स्पष्ट बोललो नाहीये अजून). खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे या पैशात येत नाही हे माहितीये. मॅन्युअलच हवी. डोक्यात फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी (सेडान) आणि ह्युंदाईची आय२० एन लाइन (हॅचबॅक). महिन्यातून दोनदा वाई-पसरणी घाट-पाचगणी होतं.

चाकणकर_७२:
मी चाकणलाच कामाला, व्हर्टस इथेच बनते, त्यामुळे माझं मत थोडं घरचंच समज. पण तिचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन म्हणजे १५० पीएस पॉवर आणि २५० एनएम टॉर्क (खेचायचा जोर), तोही १६०० आरपीएमपासून, म्हणजे पसरणीत वळण संपलं की तिसऱ्यातच ठेवून पाय दाबला तरी खेचते, सारखं दुसऱ्यात यावं लागत नाही. आणि डिकी बघून घरचे गप्प बसतात, हा फायदा कुणी सांगत नाही.

कुंभार्ली_रिटर्न:
एन लाइनचा मालक बोलतोय. १२० पीएस, १७२ एनएम, कागदावर व्हर्टसपुढे काहीच नाही. पण गाडी चार मीटरच्या आत आहे ना भाऊ, वरून एसटी अख्खं वळण घेऊन खाली येते तेव्हा आपल्याला जी दीड वीत जागा उरते त्यात ही निमूट बसते. चारही चाकांना डिस्क आहेत, कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत असतो आणि आपला पेडल पहिल्या वळणाला होता तसाच. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के, व्हर्टसला ४०. उरलेल्या पैशात चांगले टायर घाल आणि दर रविवारी पेट्रोल जाळ.

टाटाची अल्ट्रोझ रेसर पण बघ असं कुणीतरी म्हणेलच, तिचीही पॉवर १२०च आहे, पण मला तिचा क्लच-गिअर एन लाइनइतका आवडला नाही. ज्याची त्याची आवड.

मिशिगनचा_पुणेकर:
इथे अमेरिकेत तीस हजार डॉलरच्या आसपास नवीन माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर८६ मिळते, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कार. माझ्याकडे एमएक्स-५ आहे, १८१ हॉर्सपॉवर पण वजन जेमतेम अकराशे किलो, म्हणून वळणात ती आपण अंगात घातल्यासारखी वाटते. जळवायला सांगत नाहीये, वजन बघा एवढंच म्हणतोय. इथले रस्ते मात्र मैलोनमैल सरळसोट, पसरणी कुठून आणू.

चाकणकर_७२:
वजनाचं बरोबर आहे, तिथे एन लाइनला मार्क द्यावेच लागतील.

घाटवेडा_सातारा:
शनिवारी दोन्हीकडे जाऊन आलो. एन लाइन चालवली, जाम मजा आली. दुसऱ्या शोरूमवाल्याकडे व्हर्टसची मॅन्युअल डेमोच नाही, म्हणे ऑटोमॅटिक चालवून बघा सर, सेमच आहे. सेम कशी असेल राव, डावा पाय काय नुसता ठेवायला दिलाय?

चाकणकर_७२:
माझ्या मेव्हण्याकडे मॅन्युअल आहे. रविवारी सकाळी सहाला वाईला ये, गाडी घेऊन येतो. पेट्रोल तुझं, पाचगणीतला नाश्ता पण तुझा.