सारफथच्या विधवेचे बोलणे : अविश्वास की हताशा?

कोरडवाहू (दारव्हा तालुका) :
आमच्या वाचनगटात रविवारी बायबलातील 1 राजे या पुस्तकाचा अध्याय 17 वाचला. दुष्काळात संदेष्टा एलीया भाकर मागतो, तेव्हा सारफथ गावची विधवा सांगते की मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल उरले आहे, मी दोन काटक्या वेचते आहे, घरी जाऊन माझ्यासाठी व मुलासाठी काही करीन, ते आम्ही खाऊ आणि मरू. गटातील एका वडीलधाऱ्यांनी याला अविश्वास म्हटले, ते मला पटले नाही. आमच्याकडे उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, की बाया पावसाळ्याच्या आत पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) मोळ्या घरामागे रचून ठेवतात, कारण पुढचे वर्षभर चूल पेटायची असते. दोनच काटक्या वेचणारी बाई उद्याच्या चुलीचा विचार सोडून बसलेली आहे, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त गुरुजी (वर्धा) :
ताई, काटक्यांकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. याच्याशेजारी 2 राजे, अध्याय 4 ठेवून वाचा. तिथली विधवा एलीयाचा शिष्य अलीशा याच्याकडे ओरडत येते, कारण सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. जी ओरडते तिला कोणीतरी ऐकेल अशी आशा अजून असते. सारफथची बाई मात्र विचारल्यावरच बोलते, काही मागत नाही, घरातला शिधा मोजून दाखवावा तसे मरण सांगते. शिवाय ती सीदोनकडची, परक्या मुलखातली. शपथ घेतानाही ‘तुझा देव परमेश्वर’ असेच म्हणते. तिची श्रद्धा इस्राएलाच्या मापाने मोजणे मुळातच चुकीचे आहे. लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय 4 मध्ये, येशूही आपल्या गावच्या नासरेथकरांना हेच सुनावतो की इस्राएलात पुष्कळ विधवा असताना एलीयाला पाठवले ते हिच्याकडे.

बांधावरचा (आर्णी) :
गुरुजींशी सहमत आहे, परंतु ‘आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर’ हे एलीयाचे वाक्य मला आजही खुपते. पावसाला खीळ बसल्याचे त्यानेच जाहीर केले होते. त्याच्या बाजूने एवढेच सांगता येईल की ज्या करीथ ओहोळाकाठी तो राहत होता तो आटल्यामुळे तोही उपाशीतापाशीच वेशीपर्यंत आला होता आणि ‘भिऊ नको’ हे शब्द त्याने या वाक्याआधी उच्चारले.

निवृत्त गुरुजी :
खुपायलाच हवे. पण वचन 24 पर्यंत वाचा. पीठ संपत नाही, तरीही मुलगा मरतो, आणि तेव्हा ही मुकी बाई एलीयावर तुटून पडते, ‘माझ्या मुलाला मारायला आलास काय?’ असे विचारते. पहिल्या भेटीत तिच्यात हा रागसुद्धा उरला नव्हता. एलीया तिला गप्प करत नाही, मूल तिच्या उराशी असते ते मागून घेतो, माडीवर नेतो आणि तिचाच सवाल देवापुढे ठेवतो की या विधवेवरही तू अरिष्ट आणलेस काय. पुढे अध्याय 19 मध्ये तो स्वतःच झुडुपाखाली मरण मागत बसतो. तिथे देवदूत त्याला उपदेश करत नाही, निखाऱ्यावरची भाकर व पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो.

कोरडवाहू :
आभारी आहे, गुरुजी. आम्ही वचन 16 लाच थांबलो होतो. येत्या रविवारी उरलेली आठ वचने मीच वाचीन.