मदत हवी आहे: 21 अंशांना कार्बोरेटरमध्ये बर्फ, आणि उतरताना कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देण्याची सोय) नेमकी कधी बंद करावी?

नमस्कार. मी बेळगावजवळच्या सांबरा येथे विमान चालवण्याचे प्रशिक्षण घेत असून आतापर्यंत माझे साडेअकरा तास उड्डाण झाले आहे. विमान सेसना 152, म्हणजे दोन आसने आणि 110 अश्वशक्तीचे, कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेले लायकमिंग इंजिन. वडिलांचे उद्यमबागेजवळ दुचाकी दुरुस्तीचे दुकान असल्याने कार्बोरेटर मी लहानपणापासून खोललेला पाहिला आहे आणि बहुधा त्यामुळेच माझा गोंधळ अधिक झाला.

गेल्या आठवड्यात सकाळी भुरभुर पाऊस होता. मिनिटाला 1,700 फेऱ्यांवर रन-अप, म्हणजे उड्डाणापूर्वीची इंजिन तपासणी, करताना दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारे) तपासले. एकावर 70 आणि दुसऱ्यावर 80 फेरे उतरले, म्हणजे 125 च्या मर्यादेत, आणि दोहोंतला फरकही 50 च्या आत. मग कार्ब हीटची मूठ ओढली, म्हणजे गरम हवा चालू केली. फेरे शंभरेक उतरले, इंजिन काही क्षण चक्क मिसिंग करू लागले, त्यानंतर फेरे आपोआप थोडे चढले आणि मूठ आत ढकलल्यावर काटा 1,700 च्याही वर जाऊन थांबला. "बर्फ होता, वितळला," एवढेच सांगून प्रशिक्षकांनी पुढे निघायला सांगितले, कारण मागे दुसरे विमान खोळंबले होते.

घरी हे सांगितल्यावर वडील म्हणाले, "पाणी शिरलेलं शंभरदा बघितलंय, बर्फ कुठला आणलास रे?" नंतर वाचल्यावर कळले की पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान 30 अंशांहूनही अधिक उतरू शकते, बाहेर 21 अंशांच्या खाली आणि आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असली की धोका सर्वाधिक. वडिलांना मात्र पटले ते लग्नातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमुळे: मोठी शेगडी तासभर पेटली की टाकीला बाहेरून दव धरते, आणि आचारी तिला गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करतात.

पहिली शंका लहान आहे. प्लगवर काजळी धरली तरी फेरे उतरतात आणि इंजिन थरथरते. पण मॅग्नेटो आधीच ठीक होते आणि फेरे नंतर चढले, एवढ्यावरून बर्फच होता असे मानणे बरोबर आहे का?

खरी अडचण उतरतानाची आहे. थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) मिटण्यापूर्वी कार्ब हीट पूर्ण ओढायची, कारण जवळजवळ मिटलेल्या झडपेपाशी थोडासा बर्फही वाट बुजवतो, हे समजले. परंतु गरम हवा विरळ असल्याने मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि ताकद घटते. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर असल्याने हवा आधीच विरळ. एकदा गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) करताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) 20 अंशांवर आणण्याच्या नादात मूठ आत ढकलायची राहून गेली, आणि विमान चढावर बैलगाडी ओढावी तसे रखडत वर गेले. आमच्या वरच्या तुकडीतील एक जण अंतिम टप्प्यातच मूठ आत ढकलतो, म्हणजे ऐनवेळी विसरण्याचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्याच्या मते चाके टेकेपर्यंत ती बाहेरच हवी आणि गो-अराउंडमध्ये थ्रॉटलबरोबर त्याच हाताने आत जावी. मला दुसरे म्हणणे पटते, पण हाताला अजून सवय नाही.

आपल्याकडच्या पावसात कार्बोरेटरचे विमान चालवलेल्यांनी ते स्वतः काय करतात आणि का करतात, हे कृपया मराठीतच लिहावे. उत्तरे वडीलही वाचणार आहेत.