‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना आवाज बंद होतो

प्रश्न : नगरची सून

सर्वांना सलाम. माझे मिस्टर ४३ वर्षांचे. दोन्ही किडन्या निकामी, दोन वर्षं मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, एका वेळी चार तास. दिवसभराचं पाणी मी सकाळीच बाटलीत मोजून ठेवते. उन्हाळ्यात ते नुसते बाटलीकडे बघतात, मागत नाहीत. ते मला बघवत नाही.

किडनी मी द्यायची ठरलं होतं. रक्तगट जुळला, तपासण्या होत आल्या, आणि मलाच साखर निघाली. डॉक्टर नाही म्हणाले. त्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “देवाची इच्छा नव्हती गं.” मायेनेच म्हणाल्या. पण तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आलं की माझा आवाज बंद होतो. पुढे रोजच्या भाकरीपाशी पुन्हा सुरू होतो. विश्वास गेलेला नाही. देव ऐकतो हे माहीत आहे, म्हणूनच तर इतकं लागतं. हे पाप आहे का? पाळकसाहेबांना विचारायचा धीर होत नाही.

विश्वासू

ताई, रोमकरांस पत्र ८:२८ रोज वाचा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून हितकारक होतात. आमच्या घरच्या प्रार्थनेत मिस्टरांची आठवण ठेवू.

निवृत्त नर्स

लेकी, पाप नाही. मिशनच्या दवाखान्यात ३४ वर्षं काढली. माझा थोरला अपघातात गेला तेव्हा मलाही २८ वं वचनच सांगितलं गेलं. वचन खरं आहे, पण त्या दिवशी ते अंगावर धोंडा पडल्यासारखं वाटलं. तू आधी २६ वं वाच. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी मागतो, असं पौल लिहितो. तुझी ती मुकी ओळ मला त्यातलीच वाटते.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २६ वा अध्याय काढ. प्रार्थनेतले तेच शब्द गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याआधीच्या रात्री, येशूच्या तोंडी आहेत, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला तो आधी दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागतो, मग ‘माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणतो. तिसऱ्यांदा पुन्हा जातो. त्यालाही ते एकदा म्हणून पुरलं नाही. मग तुझ्याकडून कोण मागतंय?

आपल्या पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळाने आईवडील आणि बहीण नेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीने नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १९२१ साली तीही गेली. बाई केडगावला बायबलाच्या भाषांतराला पुन्हा बसल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला जाण्याआधी ते पुरं केलं. लेकीमागे त्या काय म्हणून प्रार्थना करत असतील, याचा मी फार विचार करते.

तुझी साखर देवाने मुद्दाम पाठवली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आजार आणि मरण बघून येशू रागावला, रडला, त्याने हात लावला. आजाराची बाजू त्याने कधी घेतली नाही.

पुण्याहून

मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव घातलंय का? पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंद होते, पण प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फतच. रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्यांना विचारा. देवावर भरवसा ठेवूनही अर्ज करता येतो.

नगरची सून

नाव घातलेलं नव्हतं. मी दिल्यावर लागणारच नाही, असं धरलं होतं. शुक्रवारी विचारते. आजी, तुमचं वाचून दोनदा रडले. सुईची भीती वाटते म्हणून मिस्टर पहिला अर्धा तास माझा हात धरतात, मग झोपतात. तेव्हा ते २६ वं वचन वाचेन. रविवारी ती ओळ आली आणि मी गप्प झाले तर?

निवृत्त नर्स

तुझ्या शेजारी बसणारी म्हणते ना? तोवर तुझी पण तिला म्हणू दे.