पहिली गाडी क्रूझर नको म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

ताराबाई पार्कवाली
वय २९, उंची ५ फूट २ इंच, आजवर फक्त स्कूटर. गिअरच्या गाडीचं लर्निंग मागच्याच आठवड्यात काढलंय. घरात दादापासून ऑफिसातल्या शिपाईमामांपर्यंत जो तो एकच सांगतोय, आधी जुनी शंभर सीसी घे, दोन वर्षं हात बसव, मग मीटिओर, अ‍ॅव्हेंजरसारख्या बुटक्या सीटच्या, पाय पुढं टाकून चालवायच्या क्रूझरचं बघू. मला हे अजिबात पटत नाही.

मी स्वतः जाऊन गाड्यांवर बसून बघितलंय. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिमी, तिथं माझे नुसते चवडे टेकतात. दादाची स्प्लेंडर ७८५. मीटिओर ३५० ची ७६५ आणि अ‍ॅव्हेंजर २२० ची ७३७, या दोन्हींवर पाय टाचेसकट जमिनीवर. नवीन माणसाला भीती कसली असते तर थांबल्यावर पाय पुरला नाही आणि आडवे झालो तर, याचीच ना? कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला मागं केएमटीची बस हॉर्न मारत उभी असताना मला माझे पाय खाली पक्के हवेत, बाकीचं नंतर. आणि ताकदीचा बाऊ करू नका, मीटिओर जेमतेम २० बीएचपी आहे, ती काय हातातून सुटून पळत नाही, उलट खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते त्यामुळं क्लच सोडताना थोडं चुकलं तरी लगेच बंद पडत नाही. वर २०२५ च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. मग आधी एक गाडी, ती विकून दुसरी, दोन्हीचा इन्शुरन्स, दोन्हीची पासिंगची कटकट, हे कशाला?

उद्यमनगरचा मेस्त्री
ताई, उंचीचं बरोबर हाय पण वजनाचं बोलाच की. स्प्लेंडर ११२ किलो, अ‍ॅव्हेंजर १६३, मीटिओर १९१. म्हणजे दादाच्या गाडीवर एक भरला माणूस कायमचा मागं बसलाय असं धरा, आणि तो उतरत न्हाई. माझ्याकडं नव्या पोरापोरींच्या गाड्या येत्यात त्यातल्या बऱ्याच पळताना पडलेल्या नसत्यात, उभ्या उभ्या पडलेल्या असत्यात. क्लच लिव्हर मोडलेला, इंडिकेटर लोंबतोय. कसं व्हतंय तर यू टर्न घेताना हँडल पूर्ण वळलेलं, मधी कुणीतरी आडवं आलं, घाबरून पुढचा ब्रेक दाबला की गाडी आत पडायला लागती, आणि १९१ किलो एकदा कलंडायला लागलं की मग पाय टाचेसकट टेकला असला तरी धरवत न्हाई. त्यात क्रूझर लांब असती, पुढचा शॉकअप पसरलेला, वळायला जागा जास्त लागती. सुट्टीच्या दिवशी महाद्वार रोडला अंबाबाईच्या गर्दीत घालून बघा म्हंजे कळंल मी काय म्हणतोय. आणि उतारावर तोंड खाली करून लावली तर मागं कोण ओढणार? वर्षभर हलकी गाडी चालवा, जुनी घेतली तर विकताना फार तोटा पण न्हाई.

शाहूपुरी पाचवी गल्ली
मेस्त्रीमामा, तुमच्याकडं पडलेल्याच गाड्या येतात, न पडलेल्या येत नाहीत. मी ५ फूट ३ इंच, पहिलीच गाडी अ‍ॅव्हेंजर १६०, आणि आज तीन वर्षं झाली. सुरुवातीला पंधरा दिवस रोज पहाटे शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्याला फक्त आठ काढायचो, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबून, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही आणि नजर चाकाकडं नाही तर जिकडं जायचंय तिकडं. वजन खाली असतं त्यामुळं गाडी एकदा हलली की जाणवत नाही. हलक्या गाडीवर दोन वर्षं काढलेला माणूस क्रूझरवर आला की त्यालाही वजन पहिल्यापासूनच शिकावं लागतं, मग तेच आधी शिकलं तर बिघडलं काय? फक्त लेगगार्ड पहिल्या दिवशी बसवून घे ताई.

रोज गगनबावडा रोड
तुम्ही दोघं गावातच अडकलाय. मी या रोडनं कामाला जातो, गाडी क्रूझरच, आणि मला विचारलं तर पहिली गाडी म्हणून मी कुणाला सांगणार नाही, पण वजनामुळं नव्हे तर पाय पुढं असल्यामुळं. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण फूटरेस्टवर जोर देऊन ढुंगण जरा उचलतो, धक्का गुडघ्यात जातो. क्रूझरवर पाय पुढं, उठताच येत नाही, सगळा दणका माकडहाडात. नवख्याला खड्डा उशिरा दिसतो हे पण धरा. आणि सीझन चालू झाला की दोन दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रस्त्यावर वाडं आणि पाचट पडलेलं, वळवाचा पाऊस झाला की ट्रॉल्यांनी आणलेली काळी माती नुसती लोण्यासारखी. तिथं मागचं चाक लॉक झालं की संपलं. म्हणून सीटची उंची बघताय तसं एबीएस पण बघा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, अ‍ॅव्हेंजरला फक्त पुढच्या चाकाला आहे, मीटिओरला दोन्ही. घ्यायचीच असली तर मीटिओर.

ताराबाई पार्कवाली
एबीएसचं खरंच माझ्या डोक्यात नव्हतं, त्याबद्दल आभार. अ‍ॅव्हेंजर बाद. खड्ड्याचं मान्य पण मला रोज गावातच जायचंय, रविवारी फार तर पन्हाळा. आणि मेस्त्रीकाका, तुमचं वाचून आज परत गेले, मीटिओर साइड स्टँडवरून सरळ केली, दोन्ही बाजूंनी दहा दहा पावलं ढकलली, मागं पण ओढली. सपाटीला जमतंय. उतारावर नाही जमलं, खोटं बोलत नाही. तरी मी ठरवलंय, पक्कं लायसन मिळायला ३० दिवस थांबायचंच आहे, तेवढे दिवस दादाची स्प्लेंडर, दादा मागं, शेंडा पार्क, आणि मग मीटिओरच. वर्षभर नाही थांबणार.

उद्यमनगरचा मेस्त्री
३० दिवस कमीच हायत, माझं मत तेच हाय. ढकलून बघितली हे मात्र बेस केलं, गाडी घेणारी गडीमाणसं पण बघत न्हाईत. घेतलीच तर गाडी लावताना तोंड कायम चढाकडं, म्हंजे काढताना आपोआप मागं येती. आणि आधी दुकानात या, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर तुमच्या बोटाच्या मापानं खाली फिरवून देतो, लेगगार्डचं मग बघू.