स्टिरिओ बदलण्याआधी हे बघा
कॉल गाडीच्या स्पीकरवर येतात पण गाणी फोनवरच वाजतात, म्हणजे गाडीचा स्टिरिओ गेला, असं निदान कुणी केलं तर ते मला पटत नाही. ब्लूटूथवर आवाज पाठवायचे दोन वेगळे मार्ग (प्रोफाइल) असतात: कॉल एचएफपीने जातात आणि गाणी ए२डीपीने. एक चालू असताना दुसरं बंद असू शकतं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारचं गिअरचं चिन्ह दाबा, तिथे कॉल आणि मीडिया ऑडिओची वेगळी बटणं असतात. माझ्या भावाच्या गाडीत मीडियाचंच बटण बंद होतं, आणि दुकानदार त्याला नवा स्टिरिओ घ्यायला लावत होता!

गाणी डब्यातून आल्यासारखी वाटली तरी आधी हेच तपासा, ती कॉलच्या मार्गाने जात असू शकतात. कॉलचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आणि जुन्या गाड्यांत सेकंदाला आवाजाचे जेमतेम ८,००० नमुने (जितके कमी, तितका आवाज दबका). गाण्यांसाठी डावा-उजवा असा दोन वाहिन्यांचा आवाज आणि सहसा ४४,१०० नमुने.