हे ढोंग वाटत नाही
ताई, नववीतला भाचा बोलत नाही, घास तोंडात धरून बसतो, उचललेला हात तसाच हवेत ठेवतो, असं लिहिलंय तुम्ही. वर कुणी परीक्षेचं नाटक म्हणालं, कुणी देवदर्शनाला नरसोबाच्या वाडीला न्यायला सांगितलं. वाडीला जरूर जा, पण आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, तेही आजच. ही लक्षणं कॅटाटोनियाची, म्हणजे माणूस गप्प होऊन जागच्या जागी थिजतो त्या अवस्थेची वाटतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांत तर तो ‘स्वभावच तसा’ म्हणून हमखास निसटतो.

डॉक्टर बहुधा लोराझेपॅम हे शांत करणारं औषध देऊन बघतात. कधीकधी काही मिनिटांतच पोर बोलायला लागतं. फिटचे झटके आले असतील तर मेंदूला सूज आहे का, तेही बघावं लागतं. आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्याच, कारण हॅलोपेरिडॉलसारखी मानसिक आजारावरची औषधं अशा अवस्थेत उलटू शकतात. ताप येऊन अंग ताठरलं तर मात्र रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा.

गोळ्यांनी भागलं नाही तर ईसीटी, म्हणजे विजेच्या शॉकची उपचारपद्धती. शॉक म्हटलं की आपल्याकडं घरं हादरतात, पण ती भूल देऊनच करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते, तेव्हा कागदपत्रांचं आधीच विचारून ठेवा.