मदत हवी आहे: पुढच्या सोप्यातलं वायफाय मागच्या शेडातल्या लॅनवाल्या (वायरनेच नेट घेणाऱ्या) वस्तूंना कसं द्यायचं?

वडगावचा_माग:
नमस्कार मंडळी. घर बेळगावात, वडगावला. जुनं, कौलारू. राऊटर अगदी पुढच्या सोप्यात आहे, कारण फायबर जोडायला आलेल्या पोराला रस्त्याकडची पहिली भिंत सोयीची वाटली. घराला लागूनच मागे पॉवरलूमचं शेड, चार माग. शेडाच्या कोपऱ्यात पार्टिशन घालून ऑफिस केलंय. तिथे तीन वस्तू आहेत: जुना डेस्कटॉप, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा). तिन्हींना वायफाय नाही, फक्त लॅनचं भोक. सोप्यापासून तिथपर्यंत पावलांनी पंचवीस मीटर भरलं. मधे तीन भिंती, त्यातल्या दोन दीड हात जाड, दगडमातीच्या.

आतापर्यंत केलेले उद्योग:

आधी लॅन पोर्टवाला रिपीटर (वायफाय पकडून पुढे सोडणारा डबा) घेतला. शेडात लावला तर सिग्नल मिळेना. माजघरात लावला तर मिळाला, पण माजघरातनं शेडापर्यंत वायर न्यायची हा प्रश्न तसाच.

मग जुना राऊटर ऑफिसच्या खिडकीवर ठेवून क्लायंट मोडला टाकला, म्हणजे तो पुढचं वायफाय पकडून मागे वायरीने देतो. २.४ गिगाहर्ट्झवर दोन कांड्या आल्या, ५ गिगाहर्ट्झचं नावही दिसत नाही. डेस्कटॉपला नेट आलं. खूश होऊन पाच पोर्टचा स्विच (एका लॅन वायरीच्या अनेक करणारा डबा) आणला, तिन्ही जोडले. डेस्कटॉप चालू, बाकी दोघं मुके. मग 'विस्प' नावाचा मोड सापडला. त्यात तिघांनाही नेट, पण पुढच्या घरातल्या मोबाईलला प्रिंटर दिसत नाही. बिलं मी मोबाईलवरच करतो, त्यामुळे सगळं मुसळ केरात.

भिंतीतून वायर टाका म्हणाल. मधली भिंत देवघराची आहे. अण्णा म्हणाले, "त्या भिंतीला ड्रिल लावायचं न्हाई." विषय संपला.

खानापूररोड:
पॉवरलाईन ॲडॉप्टर बघा की. एक पुढे प्लगात, एक मागे प्लगात, घरचीच वीजवायर नेट वाहून नेते. माझ्याकडे वरच्या मजल्याला मस्त चालतंय.

वडगावचा_माग:
घरचा मीटर वेगळा, शेडाचा थ्री फेज मीटर वेगळा. चालेल?

जुनाराऊटर:
पैसे घालवू नका. दोन्ही ॲडॉप्टर एकाच मीटरवर आणि शक्यतो एकाच फेजवर हवेत. त्यात मागाच्या मोटारी लाईनमध्ये इतका गोंगाट सोडतात की नेट रांगतच येईल.

तुमच्या स्विचचं कोडं सांगतो. राऊटर क्लायंट मोडला गेला की तो पुढच्या राऊटरच्या लेखी एक साधा मोबाईल होतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचा मॅक पत्ता असतो, पण वायफायच्या नेहमीच्या पाकिटावर तीनच पत्ते लिहितात. 'माझ्या पाठीमागे आणखी दोघं आहेत' हे सांगायला चौथा पत्ता लागतो आणि क्लायंट मोडमध्ये त्याला जागा नाही. म्हणून एकाचं चाललं, दोघं अडकले. विस्प मोड यातून पळवाट काढतो: मागे स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि सगळ्यांची कामं एकाच नावावर पुढे पाठवतो. बाहेर जायला रस्ता मिळतो, पण पुढच्या घरातून आत यायला दार नाही. प्रिंटर त्या दाराआड बसलाय.

चौथ्या पत्त्याची सोय 'डब्ल्यूडीएस' मोडमध्ये असते. दोन्ही राऊटरात तो हवा, आणि कंपन्या वेगळ्या असल्या की बऱ्याचदा जमत नाही. असेल तर दोन्हीकडे चॅनल एकच ठेवा, मागच्याचा डीएचसीपी (यंत्रांना आपोआप नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्या. तरीही दोन कांड्यांवर कॅमेऱ्याचं चित्र अडखळणारच.

कौलावरचंमांजर:
कौलारू घर म्हणताय ना? माळ्यावर चढून बघितलंत का? आमच्या शहापूरच्या घरात मधल्या भिंती कौलापर्यंत जातच नाहीत, वाशांखाली हातभर मोकळं आहे. भिंतीला हात न लावता वायर वरून जाते. उंदरांसाठी पीव्हीसी पाईपातून न्या, आणि लाईटच्या वायरीपासून वीतभर लांब.

केबल घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत ठेवा. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत चालतं.

वडगावचा_माग:
अहो, इतकी वर्षं त्या माळ्याखाली झोपतोय आणि डोक्यात आलं नाही! बॅटरी घेऊन चढलो. देवघराच्या भिंतीवर खरंच पोकळी आहे, गणपतीचं मखर तिथेच ठेवलेलं असतं. अण्णांना विचारलं. "वरनं जाऊदे की, भिंतीला लागलं नाही म्हंजे झालं."

वडगावचा_माग:
रविवारी माग बंद असतात, तेव्हा काम उरकलं. खडेबाजारातून ३० मीटर कॅट सिक्स (लॅनची वायर) आणली (खरवडून बघितली, दुकानदाराने तोंड वाकडं केलं). वायर थेट स्विचला, तिघेही चालू, प्रिंटर मोबाईलवर दिसतोय. एकच शंका: राऊटर आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे (१००० एमबीपीएस वेगाचे) असून राऊटरच्या सेटिंगच्या पानावर या वायरचा वेग १०० दाखवतोय.

जुनाराऊटर:
वायरीच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप हाताने मारलीत ना? १०० ला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. निळी किंवा तपकिरी जोडी बघा. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

वडगावचा_माग:
बरोबर धरलंत. शेडाकडच्या क्लिपमध्ये तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, गव्हाच्या दाण्याएवढी मागे होती. कापून नवी क्लिप मारली, १००० आलं. जुना राऊटरही डीएचसीपी बंद करून स्विचलाच लावला, आता शेडात वायफायसुद्धा आहे.

पुढून बिल सोडलं की मागे छापून पडतं. फक्त चारही माग चालू असले की प्रिंटरची शिट्टी ऐकू येत नाही, कागद संपल्याचं गिऱ्हाईकच येऊन सांगतं. त्यासाठी वेगळा धागा काढतो.